५० केबीत मावणारा माणूस

बँकेच्या भरतीचा ऑनलाइन फॉर्म ज्याने एकदा भरलाय, त्याला दोन आकडे झोपेतही आठवतात. फोटो २० ते ५० केबी, सही १० ते २० केबी. फोनचा कॅमेरा काढतो चार एमबीचा फोटो, म्हणजे मागितलेल्याच्या ऐंशीपट. मग गाठायचं नेट कॅफे. तिथला दादा मान वर न करता दोन-तीन क्लिक करतो, फोटो ४८ केबीवर आणतो, आणि नवल म्हणजे फोटोतला माणूस अजूनही ओळखू येतो! बाकीचा ऐवज गेला कुठे?

त्याहून मोठी गंमत अशी, की तो चार एमबीचा फोटोही आधीच पिळलेला असतो. १२ मेगापिक्सेल म्हणजे एक कोटी वीस लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्यामागे लाल, हिरवा, निळा असे तीन बाइट धरा, झाले ३६ एमबी. म्हणजे फोटो गॅलरीत पोचण्याआधीच फोनने जवळजवळ नऊ दशांश माल काढून टाकलेला असतो. तुम्हाला विचारलं होतं का? नाही. तुम्हाला कळलं का? तेही नाही. या सगळ्या उद्योगाला म्हणतात कॉम्प्रेशन, आणि त्याच्या पोटात भरपूर मजेदार किस्से दडलेत.

पिळण्याच्या दोन जाती

पहिली जात इमानदार. घडी घातलेली नऊवारी उलगडली की पुन्हा नऊ वारच भरते, तशी ही फाइल उघडली की एकेक बाइट जागच्या जागी. झिप आणि पीएनजी या जातीतले. पगाराचा तक्ता, प्रोग्राम, करारनामा यांना हेच हवं. एक शून्य इकडचं तिकडे झालं तर नोकरी जाईल.

दुसरी जात चलाख. ती काही गोष्टी कायमच्या टाकून देते, मात्र तुमच्या डोळ्यांना आणि कानांना न कळेल अशा बेताने. जेपेग, एमपी३, व्हॉट्सअपवरचा व्हिडिओ ही सगळी तिचीच प्रजा. इथे टाकलेलं परत मिळत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

कोरी ओळ फक्त १७ बिटांत

इमानदार जातीतली सगळ्यात सोपी युक्ती फॅक्स मशीनमध्ये होती. १९८० साली ठरलेल्या मानकानुसार ए-४ कागदाच्या एका आडव्या ओळीत १७२८ ठिपके असत. ऑफिसच्या पत्रात बहुतेक जागा पांढरी. मग 'पांढरा, पांढरा, पांढरा' असा १७२८ वेळा घोष कशाला? 'पांढरे १७२८' एवढंच सांगितलं की झालं. त्या संकेतात पूर्ण कोरी ओळ १७ बिटांत निघून जायची, वर फक्त ओळ संपल्याची खूण. कोरा कागद फॅक्समधून भर्रकन का सरकायचा आणि बारीक मजकुराने गच्च भरलेला का रखडायचा, त्याचं उत्तर हे.

छापखान्यातले खिळे मोजणारा माणूस

सॅम्युअल मोर्सचा सहकारी आल्फ्रेड व्हेल. तारेवर पाठवायच्या अक्षरांना टिंब आणि रेघा वाटायच्या होत्या. कोणत्या अक्षराला छोटी खूण द्यायची? व्हेलसाहेब न्यू जर्सीतल्या मॉरिसटाउनच्या छापखान्यात गेले आणि कोणत्या कप्प्यात किती खिळे आहेत ते पाहिलं. इंग्रजीत 'ई' सगळ्यात जास्त लागतो, म्हणून 'ई'चे खिळे सगळ्यात जास्त. मिळालं त्याला एकच टिंब. बिचाऱ्या 'क्यू'ला आजच्या मोर्समध्ये तीन रेघा आणि एक टिंब. संगणक जन्मायच्या शंभर वर्षं आधी कॉम्प्रेशनचं पहिलं सूत्र असं छापखान्यात सापडलं: जे वारंवार लागतं त्याला आखूड करा.

आपल्याकडच्या तार खात्याने याच्या पुढची पायरी गाठली होती. शुभेच्छांच्या ठरावीक वाक्यांना क्रमांक दिलेले असत. तुम्ही फॉर्मवर फक्त क्रमांक लिहायचा, पलीकडच्या तार ऑफिसात अख्खं वाक्य कागदावर उमटायचं. दोन्ही टोकांकडे एकच यादी असली की पूर्ण वाक्य पाठवावंच लागत नाही. भारतातली तारसेवा १४ जुलै २०१३ला शेवटची चालली. या युक्तीचं भावंड मात्र आजही झिप फाइलमध्ये नांदतं आहे.

गणपती बाप्पा…

एवढं कोणी ओरडलं की पुढचा शब्द ऐकायची गरज उरते का? 'मोरया' येणारच. आणि जे येणारच आहे, त्यात नवी माहिती शून्य.

बेल लॅब्जमधल्या क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली हीच गोष्ट गणितात बसवली. माहिती म्हणजे आश्चर्य, आणि आश्चर्य मोजता येतं. मोजायचं एकक म्हणजे बिट. हे नाव सुचवलं जॉन टुकी यांनी, छापलं गेलं शॅनन यांच्या १९४८च्या लेखात. पुढे १९५१मध्ये शॅनन यांनी माणसांसमोर इंग्रजी मजकूर ठेवला आणि पुढचं अक्षर ओळखायला सांगितलं. माणसं इतकी बरोबर ओळखत गेली, की इंग्रजीच्या एका अक्षरात सरासरी एक बिटाच्या आसपासच खरी माहिती असते असा हिशेब निघाला. २६ अक्षरं आणि मोकळी जागा धरून आंधळेपणाने पाठवायचं तर जवळजवळ पाच बिट लागतात. बाकीचं सगळं आपण सवयीने बोलतो. लग्नातली भाषणं आठवा, आकडा पटेल.

म्हणूनच अंदाज चांगला बांधता आला की फाइल लहान करता येते. २००६पासून चालू असलेल्या हटर पुरस्काराचा पायाच हा आहे: विकिपीडियाचा ठरावीक तुकडा जो विक्रमापेक्षा लहान करून दाखवेल त्याला पैसे. २०२०मध्ये बक्षिसांची रक्कम पाच लाख युरोंवर नेली. मार्कस हटर यांचं म्हणणं असं, की मजकूर आवळण्यासाठी तो समजावा लागतो, आणि समजणं म्हणजेच बुद्धी. या वादात मी हटरसाहेबांच्या बाजूने आहे.

परीक्षा नको म्हणून लागलेला शोध

एमआयटी, १९५१. प्राध्यापक रॉबर्ट फानो यांनी विद्यार्थ्यांना पर्याय दिला: अंतिम परीक्षा द्या, नाहीतर निबंध लिहा. डेव्हिड हफमन या पंचविशीतल्या पोराने निबंध निवडला. विषय साधा दिसत होता. प्रत्येक अक्षराला शून्य-एकचा असा संकेत द्या, की एकूण मजकूर कमीत कमी जागेत बसेल. फानोसरांनी एक गोष्ट सांगितलीच नाही, की हे कोडं खुद्द त्यांना आणि शॅनन यांनाही सुटलेलं नव्हतं.

हफमनने महिनोन् महिने डोकं आपटलं. शेवटी वैतागून परीक्षेचा अभ्यास करायचं ठरवलं आणि टिपणं कचऱ्यात टाकली. त्याच क्षणी डोक्यात उजेड पडला. थोरामोठ्यांनी वरून खाली फांद्या फोडल्या होत्या. याने खालून वर जायचं ठरवलं. सगळ्यात दुर्मीळ दोन अक्षरं एकत्र बांधा, त्यांना एकच समजा, पुन्हा सगळ्यात दुर्मीळ दोन शोधा, पुन्हा बांधा. बास. याहून आखूड संकेत अशा पद्धतीत निघूच शकत नाही, हेही त्याने सिद्ध केलं. १९५२मध्ये लेख छापून आला. पेटंट त्याने घेतलंच नाही. आज झिप, पीएनजी, जेपेग, एमपी३ या सगळ्यांच्या पोटात हफमन बसलेला आहे. परीक्षेला बसला असता तर?

झिपच्या दारावरची आद्याक्षरं

१९७७ आणि १९७८. इस्रायलमधल्या हैफा शहरातले जेकब झिव आणि अब्राहम लेंपेल. त्यांची कल्पना: अक्षरं मोजत बसू नका, आधी येऊन गेलेले तुकडे ओळखा. 'महाराष्ट्र शासन' दुसऱ्यांदा आलं की परत लिहू नका. 'मागे इतक्या अंतरावर जा, इतकी अक्षरं उचला' एवढंच लिहा. जी.आर. वाचलेल्यांना कळेल की सरकारी मजकूर झिपमध्ये इतका छान का आकसतो.

झिप फाइल काढली फिल कॅट्झ या अमेरिकी प्रोग्रामरने, १९८९मध्ये. आजही जगातली जवळपास प्रत्येक झिप फाइल 'पी' आणि 'के' या दोन अक्षरांनी सुरू होते. ती त्याची आद्याक्षरं! वर्डची डॉक्स, एक्सेलची एक्सएलएसएक्स, अँड्रॉइड अॅपची एपीके, ई-पुस्तकांची ईपब, या सगळ्या मुळात झिप फाइलीच आहेत. एखाद्या डॉक्स फाइलची प्रत काढा, शेपटीचं नाव बदलून झिप करा आणि उघडा. आत फोल्डर दिसतील, आणि मजकुरात घातलेले फोटो एका फोल्डरमध्ये रांगेत बसलेले सापडतील. कोणी वर्डमध्ये फोटो चिकटवून पाठवले की ते बाहेर काढण्याचा हा सगळ्यात सोपा मार्ग.

झिपचा एक वाह्यात उपयोगही आहे. '४२.झिप' नावाची एक कुप्रसिद्ध फाइल आहे, जेमतेम ४२ केबीची. झिपच्या आत झिप, तिच्या आत झिप, असं शेवटपर्यंत उलगडत गेलं तर साडेचार पेटाबाइट डेटा बाहेर पडतो. एक पेटाबाइट म्हणजे हजार टेराबाइट. जुन्या अँटिव्हायरसना चीत करायला ही असली बाँबगोळ्याची झिप वापरत.

जीफची होळी

झिव-लेंपेलच्या कल्पनेत टेरी वेल्च यांनी १९८४मध्ये सुधारणा केली. ती वापरून १९८७मध्ये कॉम्प्युसर्व्हने जीफ हे चित्रांचं स्वरूप आणलं. सगळं जग जीफमय झाल्यावर, १९९४च्या डिसेंबरात, युनिसिस कंपनीने आठवण करून दिली, की या सुधारणेचं पेटंट आमच्याकडे आहे, परवान्याचे पैसे टाका. प्रोग्रामर मंडळी भडकली आणि त्यांनी नवं स्वरूपच घडवलं: पीएनजी. ५ नोव्हेंबर १९९९ला तर 'सगळ्या जीफ जाळा' असा दिवसही पाळला गेला. अमेरिकेतलं पेटंट जून २००३मध्ये संपलं. पीएनजी टिकलं, आणि नाचणाऱ्या मांजरांच्या कृपेने जीफही टिकलं. न्याय कोणाला मिळाला ते तुम्हीच ठरवा.

मराठीला तिप्पट भाडं

इंटरनेटवर चालणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीला तीन. 'मराठी' या शब्दात म, र, काना, ठ आणि वेलांटी असे पाच घटक, म्हणून १५ बाइट. अन्याय? थोडासा. पण देवनागरीचा प्रत्येक घटक २२४ या आकड्याने सुरू होतो आणि त्यामागे १६४ किंवा १६५ येतो. प्रत्येक वेळी. म्हणजे तीनातले दोन बाइट जवळजवळ ठरलेलेच, आणि ठरलेल्या गोष्टी गिळणं हाच तर झिपचा धंदा. त्यामुळे मराठी मजकूर झिप केला की इंग्रजीपेक्षा जास्त पटीने आकसतो. वेबसाइटवरून पान येताना ते बहुतेक वेळा असं आवळूनच येतं, त्यामुळे तिप्पट भाड्यातलं बरंचसं परत मिळतं.

एसएमएसने मात्र ही दया दाखवली नाही. एका एसएमएसला १४० बाइट. इंग्रजी अक्षर सात बिटांत बसतं, म्हणून १६० अक्षरं. मराठीत प्रत्येक घटकाला दोन बाइट, म्हणून फक्त ७०, आणि काना-मात्रा वेगळ्या मोजून! 'कसा आहेस' हे 'kasa ahes' असं लिहायची सवय पिढीला का लागली, त्यात कीपॅडइतकाच या हिशेबाचाही वाटा आहे.

पाणिनीची काटकसर

शाळेत संस्कृतच्या तासाला अच् आणि हल् पाठ केलेत ना? अच् म्हणजे सगळे स्वर, हल् म्हणजे सगळी व्यंजनं. १४ माहेश्वर सूत्रांत वर्ण अशा क्रमाने मांडलेत, की पहिला वर्ण आणि शेवटची खूण घेतली की मधला सगळा गट आला. त्याच जोरावर पाणिनीचं व्याकरण, अष्टाध्यायी, सुमारे चार हजार सूत्रांत आटोपतं. जर्मन भाषाशास्त्रज्ञ वीबके पेटरसेन यांनी गणिताने तपासून दाखवलं, की पाणिनीला हवे तेवढे गट करायचे तर यापेक्षा कमी खुणांत हे काम होत नाही. 'ह' दोनदा आला तोही टाळता येण्यासारखा नव्हता. म्हणून पाणिनीने झिप शोधलं असं कोणी फॉरवर्ड पाठवलं तर मात्र पुढे ढकलू नका.

बंगळुरूच्या माणसाची 'फार सोपी' कल्पना

आता मुख्य नायक. नासिर अहमद, जन्म बंगळुरू, १९४०. तिथेच १९६१मध्ये इंजिनिअरिंग करून ते अमेरिकेला गेले. कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवत असताना, १९७२मध्ये, त्यांनी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे संशोधनासाठी पैसे मागितले. विषय: कोसाइन लहरी वापरून डेटा कमी करणं. अर्ज नामंजूर. का? तपासणाऱ्यांना कल्पना फारच सोपी वाटली. अहमद यांनी पैशांविना काम चालू ठेवलं. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबतचा त्यांचा जेमतेम चार पानांचा लेख जानेवारी १९७४मध्ये छापून आला. आज जेपेग फोटो आणि जवळजवळ सगळे व्हिडिओ याच कल्पनेवर किंवा तिच्या भावंडांवर चालतात. पुढे 'धिस इज अस' या अमेरिकी मालिकेने त्यांची गोष्ट कथानकात गुंफली. अर्ज फेटाळणाऱ्यांवर अजून मालिका आलेली नाही.

ही 'सोपी' कल्पना आहे तरी काय? फोटोचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडा. प्रत्येक चौकोनात ६४ आकडे. हे आकडे जसेच्या तसे लिहिण्याऐवजी असं विचारा: ६४ ठरावीक नक्ष्या आहेत, एक पूर्ण सपाट, काही हळुवार छटांच्या, काही बारीक चौकटीच्या, यातली कोणती किती मिसळली की हा चौकोन तयार होईल? आभाळाचा तुकडा असेल तर सपाट नक्षी भरपूर आणि बाकी जवळपास शून्य. आता बारीक नक्ष्यांचे छोटे छोटे आकडे सरळ शून्य करून टाका. डोळ्याला ते दिसतच नाहीत. शून्यांची लांबच लांब रांग लागते, तिला फॅक्सची युक्ती लावा, वर हफमन लावा. झाला जेपेग. जेपेग हे खरं तर एका समितीचं नाव. ती १९८६मध्ये बसली आणि मानक १९९२मध्ये पक्कं झालं.

त्याआधी आणखी एक हातचलाखी असते. माणसाचा डोळा उजेड-अंधारातला फरक बारीक टिपतो, रंगाच्या बाबतीत मात्र ढिसाळ. म्हणून जेपेग बहुधा उजेडाची नोंद प्रत्येक ठिपक्याला ठेवतो आणि रंगाची चार ठिपक्यांत मिळून एकदा. एवढ्यानेच निम्मा डेटा गायब, आणि अजून गणित सुरूही झालेलं नाही. लाल अक्षरांचा बॅनर व्हॉट्सअपवर फिरून आला की कडा पुसट, माखलेल्या दिसतात. दोष डिझायनरचा नसतो, रंगाच्या या काटकसरीचा असतो.

जेपेगला नावं ठेवण्याआधी स्वतःच्या डोळ्यांचं बघा. डोळ्याच्या पडद्यावर उजेड टिपणाऱ्या पेशी सुमारे दहा-बारा कोटी, आणि मेंदूकडे जाणाऱ्या चेतातंतूंच्या तारा सुमारे दहा लाख. म्हणजे आपलं अख्खं जगच आवळून येतं.

मंगळाचा फोटो, हाताने रंगवलेला

आवळणीविना फोटो पाठवायचा तर किती वेळ लागतो? जुलै १९६५. मरिनर-४ यान मंगळाजवळून गेलं. फोटो २०० बाय २०० ठिपक्यांचा, ठिपक्याला ६ बिट, एकूण दोन लाख चाळीस हजार बिट. वेग सेकंदाला सव्वाआठ बिटांच्या आसपास, म्हणजे एका फोटोला आठ तास! यान चालवणाऱ्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतल्या इंजिनिअरांना धीर धरवेना. त्यांनी येणारे आकडे कागदी पट्ट्यांवर छापले, पट्ट्या फळ्यावर चिकटवल्या, खडू आणले आणि आकड्यांनुसार रंग भरले. दुसऱ्या ग्रहाचा टीव्हीवर झळकलेला तो पहिला डिजिटल फोटो माणसांनी हाताने रंगवलेला होता. संस्थेच्या संचालकांना तो चौकटीत बसवून भेट दिला गेला.

गॅलिलिओ यानाची कथा तर हिंदी सिनेमाला शोभेल अशी. गुरूकडे निघालेल्या या यानाची मुख्य अँटेना एप्रिल १९९१मध्ये उघडेचना. सेकंदाला १ लाख ३४ हजार बिट पाठवायचा बेत होता. छोट्या अँटेनावर हाती लागणार होते ८ ते १६. यान कोट्यवधी किलोमीटरवर, मेकॅनिक पाठवायची सोय नाही. मग पृथ्वीवरून रेडिओने नवं सॉफ्टवेअर चढवलं, ज्यात नासिर अहमद यांच्या कल्पनेची पूर्णांकांवर चालणारी आवृत्ती होती. जमिनीवरच्या अँटेनाही सुधारल्या. शेवटी आवळलेल्या डेटाचा हिशेब धरता वेग सेकंदाला हजार बिटांपर्यंत पोचला, आणि गुरूच्या चंद्रांचे फोटो घरी आले.

सहाचे आठ करणारं मशीन

२०१३. जर्मनीत एका बांधकाम व्यावसायिकाने नकाशा झेरॉक्स कंपनीच्या मोठ्या मशीनवर स्कॅन केला. मूळ नकाशात तीन खोल्या: १४.१३, १७.४२ आणि २१.११ चौरस मीटर. प्रतीत तिन्ही खोल्या १४.१३! संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड क्रीझेल यांनी छडा लावला. मशीन जागा वाचवण्यासाठी पानावरचे सारखे दिसणारे तुकडे एकदाच साठवत होतं आणि बाकी ठिकाणी तोच छाप मारत होतं. 'सारखे' ठरवण्यात गफलत झाली की सहाचा आठ. भयंकर गोष्ट अशी, की चुकलेला आकडा पुसट नसे, चांगला ठसठशीत असे. खराब जेपेग निदान धूसर दिसून इशारा देतो. कंपनीला शेवटी दुरुस्तीचं सॉफ्टवेअर काढावं लागलं. सातबारा, मार्कशीट, औषधाची चिठ्ठी असे आकड्यांचे कागद स्कॅन करणाऱ्यांनी हा किस्सा भिंतीवर लावावा.

कानाला फसवण्याचं शास्त्र

ढोल वाजत असताना शेजारची कुजबुज ऐकू येत नाही. एमपी३ ती कुजबुज साठवतच नाही. ही पद्धत घासूनपुसून घेताना जर्मनीचे कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग यांनी सुझान व्हेगा हिचं 'टॉम्स डायनर' हे वाद्यांविना गायलेलं गाणं वापरलं. सुरुवातीला तिच्या आवाजाची पार वाट लागायची, म्हणूनच ते कसोटीला उत्तम. फाइलींना '.एमपी३' ही शेपटी द्यायचं ठरलं १४ जुलै १९९५ला. आपली शेवटची तारही १४ जुलैचीच! योगायोग, दुसरं काही नाही.

मोबाइलवर होल्डचं संगीत इतकं भेसूर का वाजतं? जुन्या जीएसएम फोनची आवळणी मानवी घशाचं गणित मांडून केलेली आहे. लँडलाइनला सेकंदाला ६४ हजार बिट लागत, तिथे हिने १३ हजारांत भागवलं. पण घसा सतार नव्हे.

गुलाल उधळला की व्हिडिओ फाटतो

एचडी व्हिडिओ न आवळता ठेवला तर अडीच तासांचा सिनेमा १.३ टेराबाइटहून जास्त भरेल. आवळणी अशी, की पूर्ण चित्र अधूनमधूनच पाठवायचं आणि मधल्या वेळात फक्त काय बदललं तेवढं सांगायचं. बातम्या देणारी निवेदिका म्हणून स्वस्त पडते. मागची भिंत हलतच नाही. विसर्जन मिरवणुकीत गुलाल उडाला की प्रत्येक कण वेगळ्या दिशेला, अंदाज कोलमडतो, आणि लाइव्ह प्रक्षेपणात चौकोनच चौकोन दिसू लागतात. पाऊस आणि कागदी चमक्यांचंही तेच.

थिएटरमध्ये मात्र ही बदल मोजायची काटकसर नाही. डिजिटल सिनेमाची प्रत्येक फ्रेम जेपेग २००० पद्धतीने स्वतंत्र फोटोसारखी साठवलेली असते. वेबवर हे स्वरूप कधी रुजलं नाही, पण तुमच्या आधारच्या सुरक्षित क्यूआर कोडमधला इवलासा फोटो याच पद्धतीचा आहे.

८ केबीत अख्खा सिनेमा?

नेदरलँड्सचे टीव्ही दुरुस्त करणारे यान स्लोट यांनी नव्वदच्या दशकात दावा केला: पूर्ण सिनेमा ८ केबीत. मोठे गुंतवणूकदार लागले पाठीशी. जुलै १९९९मध्ये करारावर सही होण्याच्या तोंडावर स्लोट हृदयविकाराने गेले आणि गुपित कोणालाच सापडलं नाही. चाहते आजही हळहळतात. उगाच! कोणताही सिनेमा असा आवळणं शक्यच नाही, आणि त्याचा पुरावा शाळेच्या गणितात मावतो. तीन बिटांच्या फाइली एकूण आठ बनतात. त्याहून लहान फाइली किती? दोन बिटांच्या चार, एका बिटाच्या दोन आणि एक रिकामी, एकूण सात. आठ जणांना सात खोल्या, एकाला तरी बाहेर राहावं लागणार. म्हणून कोणतीही फाइल हमखास लहान करणारी युक्ती अस्तित्वातच असू शकत नाही. झिप केलेली फाइल पुन्हा झिप केली की ती सहसा थोडी फुगते, त्याचंही मूळ इथेच.

पाठवण्याआधी एवढं करा

२०१८च्या जानेवारीत बातमी आली होती, की भारतातले फोन रोज भरून का जातात याचा शोध गुगलच्या संशोधकांनी घेतला आणि कारण निघालं 'गुड मॉर्निंग'चे फोटो. ते बिनधास्त पुसा. पण घरच्या फोटोंच्या बाबतीत जरा जपून. जेपेग उघडून बदल करून पुन्हा सेव्ह केला की दर वेळी थोडं काही गळतं. व्हॉट्सअपवर चार जणांनी सेव्ह करून पुन्हा पाठवलेला फोटो म्हणूनच विटलेला दिसतो. आजीचा जुना कृष्णधवल फोटो स्कॅन करणार असाल तर पीएनजी किंवा टिफमध्ये करा. फाइल मोठी होईल, होऊ द्या. काटछाट, उजेड-अंधार, जे काय करायचं ते प्रतीवर करा, मूळ फाइलला हात लावू नका. आणि भावंडांच्या ग्रुपवर टाकताना 'फोटो' नको, 'डॉक्युमेंट' म्हणून टाका.